दिवा जळतो तेलावर, टिकतो मुद्दलावर

(महासंघाच्या दिवाळीपूर्वीच्या मासिक सभेत, औंढा नागनाथ येथे, आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या गटांच्या प्रतिनिधी सभेला येऊ शकल्या नाहीत, त्यांनी तो आपल्या बैठकीत मोठ्याने वाचावा, ही विनंती.)



आजच्या विषयपत्रिकेवर चौथा विषय आहे, ‘दिवाळीनिमित्त गटाची बचत वाटप करणेबाबत’. काही गटांचे अर्ज आलेत. काहींचं म्हणणं आहे की सण आहे, पैसा आपलाच आहे, वाटून घेऊ. काहींना ऊसतोडीला जायचंय, म्हणून जाण्याआधी हिशोब मिटवून टाका म्हणतात. अध्यक्षाताई मला म्हणाल्या, चर्चेच्या आधी तू थोडं बोल. मी म्हणलं, बोलते, पण मी आधी दिव्यांवर बोलणार. काहीजणी हसल्या. पण दिव्याचा आणि बचतीचा संबंध जुना आहे, चांगला दीड-दोन हजार वर्षांचा. तो कसा, तेच सांगते.

दिवा स्वस्त, तेल महाग

माणसानं दिवा कधी केला? फ्रान्स देशात लास्को नावाची गुहा आहे. तिथं सुमारे १७ हजार वर्षांपूर्वीचा दगडी दिवा सापडला. लाल दगडाचा, पळीसारखा, पुढं खोलगट आणि मागं धरायला दांडा. त्यात जनावराची चरबी जाळायचे. तेव्हा शेती नव्हती, पण दिवा होता.

पुढं शेती आली, कुंभाराचं चाक आलं आणि मातीचा दिवा आला. आपल्या देवळीतली पणती घ्या आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा मातीचा दिवा घ्या, फार फरक नाही. खोलगट वाटी, वात टेकवायला चोच, झालं. इटलीमध्ये रोमन लोक तर साच्यातून दिवे काढायचे, हजारोंनी. दिव्याच्या बुडाला कारखान्याचं नाव उमटवायचे. ‘फोर्टिस’ नावाचा एक छाप इतका चालला की दुसरे लोक त्याची नक्कल करायला लागले. म्हणजे बाजारात नाव खपतं आणि नावाची चोरीही होते, हे आजचं नाही.

म्हणजे दिवा काही महाग नव्हता. गरिबाच्या घरीही दिवा होता. महाग होतं ते तेल.

आपल्याकडं जुन्या काळी कोणतं तेल? भुईमूग नव्हता, तो दक्षिण अमेरिकेतून आला, मागच्या चारपाचशे वर्षांत. सूर्यफूल आणि सोयाबीन तर अगदी अलीकडचं. जुनं तेल म्हणजे तिळाचं. तेल हा शब्दच मुळी तिळावरून आलाय. त्याच्या जोडीला जवस, मोहरी, एरंडी, करंज. इजिप्त देशातले लोकही दिव्यात एरंडेल जाळायचे. हिरोडोटस नावाच्या ग्रीक लेखकानं सुमारे २४५० वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की हे तेल दिव्याला चांगलं, पण वास वाईट. ज्यांनी घरी एरंडेलाचा दिवा लावून काजळ धरलंय, त्यांना हे पटेल.

आता बघा, तीळ, जवस, मोहरी हे सगळं खायचं तेल. जे फोडणीला, तेच दिव्याला. संध्याकाळ झाली की घरातल्या बाईपुढं रोज एकच प्रश्न. हे पळीभर तेल कालवणात घालू का दिव्यात? आपल्याकडं ‘दिवेलागण’ हा शब्द आहे, वेळ सांगणारा. पण दिवेलागणीनंतर दिवा किती वेळ ठेवायचा हे बाई ठरवायची, घाडग्यातलं तेल बघून. म्हणून जेवणं लवकर व्हायची. म्हणून आपल्या आजी-पणज्या पहाटेचं दळण अंधारातच दळायच्या, जात्याला उजेड लागत नाही. हात चालतो आणि गळा चालतो. आपल्या जात्यावरच्या ओव्या अशा बिनदिव्याच्या पहाटेतल्या आहेत.

एक पणती म्हणजे जेमतेम एका मेणबत्तीचा उजेड. आज आपल्या घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साठ-सत्तर पणत्यांइतका उजेड देतो. कळ दाबली की झालं. त्यामुळं आपण विसरलो की उजेड ही मोजून वापरायची वस्तू होती.

किती मोजून? इजिप्तचंच उदाहरण सांगते. तिथं सुमारे ३२०० वर्षांपूर्वी राजांच्या थडग्यांचं काम चालायचं. डोंगर फोडून आत खोल. आत काळोख, म्हणून कारागिरांना दिव्याच्या वाती द्यायच्या. आणि आज सकाळच्या पाळीला किती वाती गेल्या, दुपारच्या पाळीला किती, हे कारकून दगडाच्या चिपांवर लिहून ठेवायचा. त्या चिपा आजही शिल्लक आहेत. आपल्या सचिवताई पासबुक आणि नोंदवही घेऊन बसतात ना, तसा तो बसायचा. वातीचासुद्धा हिशोब! मग आपण दहा रुपयांच्या दंडाचा हिशोब मागितला की काहीजणींना राग का येतो?

वात काय करते

दिवा जळतो कसा, हे दोन वाक्यांत सांगते, कारण पुढं ते कामाला येणार आहे. कापसाच्या तंतूंमध्ये बारीक बारीक फटी असतात, त्यातून तेल आपोआप वर चढतं. लुगड्याचा पदर बादलीत बुडला की पाणी वर चढत येतं, तसंच. वर ज्योतीच्या उष्णतेनं त्या तेलाची वाफ होते आणि जळते ती वाफ. म्हणजे तेलाचा साठा खाली शांत असतो, वात थोडं थोडं वर नेते, तेवढंच जळतं. तेल कमी पडलं की वात स्वतः जळायला लागते, धूर होतो आणि दिवा जातो.

जाता जाता एक सांगते. खायच्या तेलाला पेटायला खूप उष्णता लागते. रॉकेलचं तसं नाही, त्याची वाफ चटकन पेट घेते. म्हणून पणती कलंडली तर बहुतेक वेळा नुसतं तेल सांडतं, पण चिमणी कलंडली की भडका होतो. लाईट गेल्यावर अजून कुणाच्या घरी चिमणी लागत असेल तर ती उंच जागी, पोरांच्या आणि लुगड्याच्या पदराच्या लांब ठेवा. जमलं तर बंदच करा.

न विझणारा दिवा

आता मुद्द्यावर येते. घरचा दिवा तेल संपलं की विझायचा. पण देवळात एक दिवा असतो, रात्रंदिवस जळणारा. आपण त्याला नंदादीप म्हणतो. आपल्या नागनाथाचंच बघा. दर्शनाला अरुंद पायऱ्यांनी वाकून खाली उतरावं लागतं. खाली बारकी जागा, उजेड यायला वाटच नाही. आज तिथं वीज आहे. पण हे देऊळ यादवांच्या काळातलं, म्हणजे सात-आठशे वर्षांपूर्वीचं. तेव्हा अशा जागेत दिवा नसेल तर काहीच दिसणार नाही.

मग विचार करा. रोज तेल लागणार, वर्षानुवर्षं लागणार. ते कुठून येणार? एखाद्या भाविकानं पुण्य म्हणून डबाभर तेल दिलं, महिन्यात संपलं. पुढं काय? हा प्रश्न जुन्या लोकांनी कसा सोडवला, ते ताम्रपटांवर आणि दगडांवर कोरून ठेवलेलं आहे. त्यातली तीन उदाहरणं सांगते.

पहिलं उदाहरण उत्तर प्रदेशातलं. बुलंदशहर जिल्ह्यात इंदोर नावाचं गाव आहे, जुनं नाव इंद्रपूर. मध्य प्रदेशातलं इंदूर नव्हे बरं का. तिथं एक ताम्रपट सापडला, इसवी सन ४६५ चा, स्कंदगुप्त राजाच्या काळातला. देवविष्णू नावाच्या माणसानं सूर्याच्या देवळातल्या दिव्यासाठी दान दिलं. पण त्यानं तेल दिलं नाही, पुजाऱ्याच्या हातात पैसेही दिले नाहीत. त्यानं दान ठेवलं गावातल्या तेली लोकांच्या श्रेणीकडं. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांचा संघ, समजा त्या काळचा गट. जीवंत नावाचा माणूस तिचा प्रमुख होता. श्रेणीनं काय करायचं? ते दान कायम जपायचं आणि त्याच्या बदल्यात देवळाला रोज दोन पल तेल द्यायचं. दोन पल म्हणजे साधारण ७५ ग्रॅम, टपरीवरचा चहाचा बारका ग्लास भरून. रोज म्हणलं की थोडं वाटतं, पण वर्षाचं २७ किलोच्या वर जातं.

आणि त्यात एक अट लिहिलीय. मला ती वाचून फार नवल वाटलं. हे दान या श्रेणीकडं कायम राहील, श्रेणी हे गाव सोडून दुसरीकडं गेली तरी राहील, पण कुठपर्यंत? तर श्रेणीची एकजूट आहे तोपर्यंत. ऊसतोडीला जाणाऱ्या माझ्या तायांनो, हे ऐकलंत ना? गाव सुटलं तरी चालेल असं त्यांनी १५०० वर्षांपूर्वी लिहिलंय. एकजूट सुटली तर चालणार नाही.

दुसरं उदाहरण तंजावरचं, तामिळनाडूमधलं. राजराज चोळ राजाचं मोठं देऊळ, १०१० साली पूर्ण झालं. तिथल्या भिंतींवर नंदादीपांचे हिशोब कोरलेत. एका दिव्यासाठी ९६ मेंढ्या. मेंढ्या धनगराच्या ताब्यात द्यायच्या आणि त्यानं रोज उळक्कू नावाच्या मापानं एक माप तूप देवळाला घालायचं. आता मेंढ्या मरतात, म्हाताऱ्या होतात. पण त्या काळी अशा मेंढ्यांना म्हणायचे, न मरणाऱ्या आणि न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या. म्हणजे जादू नव्हे. एक मेली तर कोकरातून भर घालायची, कळपाचा आकडा ९६ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. आपल्यातल्या ज्या शेळ्या पाळतात त्यांना हे लगेच समजेल. दूध खा, करडं विका, पण कळप मोडू नका.

तिसरं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं, नाशिकच्या पांडवलेण्यातलं, आणि माझ्या सगळ्यात आवडीचं. ते दिव्याचं नाही, पण रीत तीच आहे. नहपान राजाचा जावई उषवदात, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यानं लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, विणकरांच्या दोन श्रेणींकडं ठेवली. त्यातली २००० एका श्रेणीकडं, शेकडा एक दर महिना व्याजानं. १००० दुसरीकडं, शेकडा पाऊण व्याजानं. आणि स्पष्ट लिहिलं की मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. अशा ठेवीला ‘अक्षयनीवी’ म्हणायचे. नीवी म्हणजे भांडवल, अक्षय म्हणजे न संपणारं.

आता आपण व्याज काढू, तुम्हाला सवय आहे. २००० ला शेकडा एक, महिन्याला २०, वर्षाला २४०. शिलालेखात लिहिलंय की त्यातून २० भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी १२ द्यायचे. वीस बारे दोनशे चाळीस. एक नाणं इकडं तिकडं नाही!

त्याच लेण्यांत आणखी एक लेख आहे, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला, आणि तो एका बाईच्या दानाचा आहे. तिचं नाव विष्णुदत्ता. आजारी भिक्षूंच्या औषधासाठी तिनं वेगवेगळ्या श्रेणींकडं ठेवी ठेवल्या, त्यात तिळाचं तेल गाळणाऱ्यांचीही श्रेणी होती. एकाच ठिकाणी सगळा पैसा ठेवला नाही, वाटून ठेवला. आणि औषधासाठी ठेवला, कारण दुखणं सांगून येत नाही. अठराशे वर्षांपूर्वीची बाई, पण विचार बघा.

मग आपलं काय

आता आपल्या चौथ्या विषयाचा हिशोब करू. समजा एक गट आहे, दहा जणींचा, महिन्याला शंभर रुपये बचत. पाच वर्षांत ६०,००० रुपये झाले. दिवाळीला वाटून घेतले तर प्रत्येकीला ६,००० मिळतील. कपडे, किराणा, पोरांचे फटाके, पाडव्यापर्यंत संपतील. मग गट कोऱ्या पासबुकावर येईल. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

तेच ६०,००० गटातच कर्जाऊ फिरत राहिले, शेकडा एकनं, तर वर्षाला ७,२०० व्याज होतं. म्हणजे प्रत्येकीला वर्षाला ७२० रुपये. हे ७२० खुशाल दिवाळीला वाटून घ्या. नवव्या वर्षापर्यंत प्रत्येकीच्या हातात ६,४८० आलेले असतील, आणि मुद्दल ६०,००० जिथल्या तिथं. उषवदातानं ते २००० थेट वाटले असते तर प्रत्येक भिक्षूला १०० आले असते, एकदाच. वर्षाला १२ प्रमाणं नवव्या वर्षी १०८ झाले आणि ठेव तशीच राहिली. तो हिशोब आणि आपला हिशोब एकच आहे.

कुणी म्हणेल, ताई, हे व्याज भरतं कोण? आपणच ना? खरं आहे. पण ते आपल्याच भांड्यात परत पडतं. बाहेरून काढलं तर किती द्यावं लागतं आणि ते कुठं जातं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मागच्या वर्षभरात गटातून कर्ज कशाकशाला गेलं ते आपल्या नोंदवह्या काढून बघा. बी-बियाणं, बाळंतपण, दवाखाना, शाळेची फी. मुद्दल वाटलं तर पुढच्या जूनमध्ये पेरणीला हात कुणापुढं पसरायचा?

दुसरी बाजूही सांगते, कारण नुसतं ‘वाटू नका, वाटू नका’ म्हणणं बरोबर नाही. मुद्दल जपायचं म्हणजे कुलपात ठेवायचं नाही. काही गटांचे पैसे बँकेत नुसते पडून आहेत आणि सदस्य बाहेरून कर्ज काढतायत. भांड्यात तेल भरलंय, पण वातच घातली नाही, तर अंधारच राहणार. विणकरांनी ते पैसे सुतात घातले, तेल्यांनी घाण्यात घातले, म्हणून व्याज निघालं. गटाचा पैसा फिरला पाहिजे. आणि फिरलेला पैसा परत आला पाहिजे, कारण कर्ज थकलं की तेल सांडल्यासारखंच होतं. तसंच, गट सोडणाऱ्या बाईची बचत तिची आहे, ती नियमानं तिला मिळालीच पाहिजे. अडवून ठेवणं म्हणजे एकजूट नव्हे.

आणि एक फरक विसरू नका. उषवदात राजघराण्यातला होता. विष्णुदत्ताकडंही ठेवायला पैसा होता. दान देणारे वेगळे, राबणारे वेगळे आणि उजेड मिळाला तो देवळाला. त्याच काळात एखाद्या गरीब बाईच्या खोपटात दिवेलागणीला तेल नसेल, तिच्यासाठी कुणी ताम्रपट कोरला नाही. आपला गट त्याहून वेगळा आहे. ठेव आपली, मेहनत आपली आणि उजेडही आपल्याच घरात. म्हणून तर तो मोडताना जास्त विचार करायला पाहिजे.

माझ्या सूचना अशा आहेत. निर्णय तुमचा, महासंघाचा आहे.

पहिली, मुद्दलाला हात लावायचा नाही. दिवाळीला वाटायचं असेल तर या वर्षी मिळालेल्या व्याजातला काही भाग वाटा, सगळा नाही. किती, ते प्रत्येक गटानं बैठकीत ठराव करून लिहावं.

दुसरी, ज्या तायांना सणाला किंवा अडचणीला खरंच पैसे पाहिजेत, त्यांनी बचत काढण्याऐवजी कर्ज मागावं आणि गटानं ते लवकर मंजूर करावं. पंधरा दिवस तंगवून ठेवलं तर ती बाई बचत मोडा म्हणणारच.

तिसरी, ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी. सहा महिन्यांची बचत उचलीतून आधी भरायची, की फोनवरून पाठवायची, की आल्यावर एकदम भरायची, हे जाण्याआधी ठरवा आणि नोंदवहीत लिहा. तेवढ्या काळाचा गैरहजेरीचा दंड लावू नका. ती कारखान्यावर असली तरी गटातच आहे. इंद्रपूरच्या तेल्यांना गाव सोडायची मुभा होती, मग आपल्या बायांना का नसावी?

चौथी, प्रत्येक गटानं या महिन्यात आपलं मुद्दल किती, व्याज किती, थकबाकी किती हे तीन आकडे सगळ्या सदस्यांपुढं मोठ्यानं वाचावेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या मावशीलाही आपला आकडा तोंडपाठ पाहिजे. जुन्या लोकांनी हिशोब दगडावर कोरला तो सगळ्यांनी बघावा म्हणूनच. आपल्याकडं दगड नाही, वही आहे. ती कपाटात ठेवू नका, बैठकीत उघडा.

एवढं बोलून थांबते. आता चौथा विषय चर्चेला घ्यावा, अशी मी अध्यक्षाताईंना विनंती करते. ज्यांना माझं पटलं नाही त्यांनी आधी बोलावं. सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा.